निळ्या उजेडात लाल

लघवीतून एकदाच रक्त जातं. दुखत काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं असतं. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून धन्याचं पाणी प्यायचं आणि विषय संपवायचा, ही आपली घरगुती रीत. मूत्राशयाचा कर्करोग पहिली वर्दी बहुतेक वेळा अशीच देतो, न दुखता. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याने तर ती अजिबात टाळू नये.

तपास सोनोग्राफीने सुरू होतो. मूत्राशय भरलेलं असेल तर आत वाढलेली गाठ तिच्यात बरेचदा दिसते. अगदी लहान गाठ मात्र निसटते आणि सपाट पसरलेला रोग तर दिसतच नाही. म्हणून दुर्बीण लागते. जर्मन डॉक्टर मॅक्स नित्से याने १८७९ साली व्हिएन्नात सादर केलेल्या दुर्बिणीत उजेड बाहेरून आत न टाकता दिवाच आत नेला होता. दिवा म्हणजे विजेने तापून उजळलेली प्लॅटिनमची तार. आतल्या अवयवाला चटका बसू नये म्हणून तिच्याभोवती थंड पाणी खेळवत ठेवावं लागे!

आजचा उजेड थंड आणि लख्ख आहे. तरीही एक अडचण उरतेच. शेवाळाच्या झुबक्यासारखी वाढलेली गाठ सहज दिसते. पण ‘कार्सिनोमा इन सिटू’ हा सपाट प्रकार भिंतीला आलेल्या ओलीसारखा पसरतो. कधी थोडी लाली, कधी तीही नाही. दिसायला गरीब, पण स्वभावाने आक्रमक. हाच पुढे स्नायूंत शिरू शकतो.

त्याला पकडायची युक्ती पेशींच्या रसायनशास्त्रातून आली. आपल्या पेशी ‘हीम’ नावाचं द्रव्य बनवतात, रक्ताला लाल रंग देणारं. त्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर ‘प्रोटोपॉर्फिरिन’ नावाच्या रेणूत लोह बसवलं जातं. हीमसाठी लागणारा कच्चा माल तपासणीआधी सुमारे तासभर मूत्राशयात भरून ठेवला, तर कर्करोगाच्या पेशींत हा लोहाविना राहिलेला रेणू निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त साचतो. मग दुर्बिणीतून निळा प्रकाश सोडायचा. निळसर भिंतीवर रोगट जागा लाल-गुलाबी चमकते. अमेरिकेत या पद्धतीच्या औषधाला २०१० साली मंजुरी मिळाली.

दुसऱ्या एका पद्धतीला औषधही लागत नाही. तिच्यात फक्त ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडतात. तो हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या गडद उठून दिसतात.

पण चमकलं म्हणजे कर्करोगच, असं नव्हे. सूज असेल तरी चमकतं. दंडावर टोचतात ती बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगावर औषध म्हणून थेट आत सोडतात. त्या उपचारानंतर अशी फसवी चमक बरेचदा दिसते. तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही. शिवाय २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, निळ्या प्रकाशात गाठ काढलेल्यांत तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण पांढऱ्या प्रकाशातल्या रुग्णांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळलं नाही. उपकरण महाग असल्याने हा निष्कर्ष बाजूला सारता येणार नाही.

माझ्या मते या प्रकाशाचं खरं काम एका विशिष्ट पेचात आहे: लघवीच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या आहेत, आणि पांढऱ्या उजेडात मूत्राशय मात्र स्वच्छ दिसतंय. तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे तिथे ती लाल चमक सांगते.