गळ्याची गाठ आणि ‘अपुरा नमुना’

भोसरीच्या एक ताई गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. वय चाळिशीच्या आसपास, गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. आवंढा गिळला की ती वरखाली होई. म्हणजे गाठ थायरॉइडची, शाळेच्या पुस्तकातल्या अवटू ग्रंथीची. सुईची तपासणी झाली आहे का, असे विचारले तेव्हा त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. ‘‘झाली ना डॉक्टर, दीड वर्ष झालं. त्यात काही निघालं नाही.’’

कागदावर इंग्रजीत एकच ओळ होती. तिचा अर्थ : नमुना अपुरा असल्यामुळे निदान करता येत नाही. ‘काही निघाले नाही’ असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते.

ताईंचे यजमान चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. त्यांना मी विचारले, ‘‘तपासायला पार्टऐवजी नुसतं ऑइलच आलं, तर लॉट पास कराल?’’ ते लगेच म्हणाले, ‘‘पास नाही अन् रिजेक्टही नाही. होल्ड. पुन्हा सॅम्पल मागवू.’’ मला वाटते, याहून सोपे करून मलाही सांगता आले नसते.

आता नमुना अपुरा का पडतो ते पाहू. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्या असतात, कर्करोगाच्या थोड्याच. कोणती कुठली हे ठरवण्यासाठी रक्त काढण्याच्या सुईपेक्षाही बारीक सुई गाठीत घालून पेशी घेतात आणि काचपट्टीवर पसरतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे आम्हा पॅथॉलॉजिस्टचे काम. पण थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर. सुई जरा जास्त वेळ आत राहिली की पट्टीवर रक्तच रक्त, पेशी नावालाच. काही गाठी आतून पाण्याने भरलेल्या असतात. पाणी सुईत येते, हव्या त्या पेशी भिंतीलाच राहतात. काहींत चुना साठून त्या इतक्या टणक झालेल्या असतात की सुई नीट आतच जात नाही. म्हणून अपुरा नमुना म्हणजे दर वेळी डॉक्टरांचा हलगर्जीपणा, असे समजू नये.

पुरेसा नमुना कशाला म्हणायचे, याचा जगभर वापरला जाणारा नियम आहे. अमेरिकेत बेथेस्डा येथे २००७ साली तज्ज्ञांची परिषद भरली. तिच्यातून अहवालाचे सहा वर्ग ठरले. पट्ट्यांवर थायरॉइडच्या पेशींचे निदान सहा पुंजके हवेत आणि प्रत्येकात निदान दहा पेशी. त्याहून कमी असतील तर साधारणपणे अहवाल पहिल्या वर्गात, म्हणजे ‘अपुरा’. अर्थात थोड्याच पेशी मिळाल्या पण त्या संशयास्पद दिसल्या, तर मोजणी करीत बसत नाहीत. तसे स्पष्ट लिहितात. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत या पहिल्या वर्गात कर्करोग निघण्याचे सरासरी प्रमाण १३ टक्के दिले आहे. हा आकडा मुख्यत्वे शस्त्रक्रिया झालेल्या गाठींवरून काढलेला असल्याने थोडा चढाच असणार. पण कागद पिशवीत ठेवून द्यावा इतका लहानही नाही.

यावर उपाय म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पुन्हा सुई घालणे. (सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे गर्भलिंग निदानाच्या मनाईची पाटी आठवते. ‘मला आता मूल व्हायचं नाही, मग सोनोग्राफी कशाला?’ असे ताईंनीही विचारलेच.) खांद्याखाली उशी देऊन मान मागे करतात, सुई आत असताना बोलायचे नाही, गिळायचे नाही. पडद्यावर सुईचे टोक दिसते, त्यामुळे पाण्याचा भाग टाळून घट्ट भागातूनच पेशी घेता येतात. पॅथॉलॉजिस्ट जागेवर असेल तर पहिली पट्टी लगेच रंगवून, पुरेसे आले की नाही हे तिथेच सांगतो. बहुतेकांना या दुसऱ्या खेपेस उत्तर मिळते. पूर्वी त्यासाठी तीन महिने थांबायला सांगत. आता तेवढे थांबण्याची गरज मानत नाहीत.

ताईंच्या गाठीचा बराचसा भाग पाण्याचा निघाला. मागच्या भिंतीला एक लहानसा घट्ट तुकडा होता, हाताला न लागणारा. तिथून घेतलेल्या पेशींत पॅपिलरी जातीचा कर्करोग दिसला. हा संथ वाढणारा असतो आणि वेळेवर शस्त्रक्रिया केल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. ताईंची शस्त्रक्रिया झाली. थायरॉइडची गोळी मात्र रोज सकाळी उपाशीपोटी कायमची.

‘सुई लावली की गाठ चिघळते, कर्करोग पसरतो’ अशी भीती दुसऱ्या टोचणीच्या वेळी हमखास निघते. इतक्या बारीक सुईने थायरॉइडमध्ये असे होणे अत्यंत विरळा. त्रास होतो तो बहुधा दोन दिवस दुखण्याचा किंवा काळानिळा डाग पडण्याचा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि प्रत्येक गाठीला सुई लागतेच असेही नाही. एक सेंटिमीटरहून लहान, सोनोग्राफीत निरुपद्रवी दिसणाऱ्या गाठीवर बहुधा नुसते लक्ष ठेवतात.

तपासणीला जाताना जुना अहवाल, सोनोग्राफीचा कागद आणि मिळाल्या तर जुन्या काचपट्ट्याही बरोबर न्या. पट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. मागितल्या तर देतात.