खाणमालकाचा कूळ कायदा

दयानंद बांदोडकर म्हणजे गोव्यात आजही नुसते ‘भाऊ’. जन्म १९११ चा, पेडण्याचा. गोमंतक मराठा समाजातले, म्हणजे त्या काळच्या उतरंडीत वरच्या पायरीवरचे नव्हेत. पुढे ते खाणमालक झाले. महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी लोहखनिज हवे होते आणि पोर्तुगीज सरकार खाणींचे परवाने देत होते. डोंगर फोडायचा, खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणायचे, बार्जमध्ये ओतायचे आणि मांडवी-जुवारीतून मुरगावला जहाजावर चढवायचे, असा तो धंदा. त्यात आलेला पैसा भाऊंनी दोन्ही हातांनी वाटला. गोवा मुक्तीनंतर दोनच वर्षांत त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (‘मगो’) सत्तेवर आला, त्यामागे हे दातृत्वही होतेच.

९ डिसेंबर १९६३ ची निवडणूक गमतीची. तीसपैकी चौदा जागा ‘मगो’ला मिळाल्या, मित्रपक्षाच्या दोन धरून बहुमत जमले. भाऊ स्वतः मात्र उभेच नव्हते! ते मुख्यमंत्री झाले आणि मग मडकईतून पोटनिवडणूक लढवून आमदार.

पुढच्याच वर्षी कूळ कायदा आला. खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापलीकडे घेता येईना. पिढ्यान्‌पिढ्या भाटकारासमोर, म्हणजे जमीनदारासमोर, मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या कुळाला सरकार आपल्या बाजूचे वाटले, ते पहिल्यांदाच. इतका श्रीमंत माणूस हे कसे करू शकला, याचे कौतुक होते. माझ्या मते उत्तर त्याच्या श्रीमंतीतच आहे. भाऊंची दौलत भातशेतीच्या खंडावर नव्हे, खनिजावर उभी होती. भाटकारांना दुखवण्यात त्यांचे स्वतःचे फारसे काही जाणार नव्हते. याने कायद्याचे मोल कमी होत नाही. पण याच काळात गावोगाव निघालेल्या मराठी शाळांबद्दल असे गणित मांडता येत नाही. त्यांमागे त्यांचा ध्यासही होता.

गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा पक्षाचा डाव मात्र फसला. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांनी राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ ला गोव्याने विलीनीकरणाचे ‘फूल’ बाजूला सारून विरोधाच्या ‘दोन पानां’वर शिक्का मारला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मते, बाजूने १,३८,१७०. पक्षाचा पायाच उखडला, असे कुणालाही वाटावे. अडीच महिन्यांनी निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊंना पुन्हा सत्तेवर बसवले. महाराष्ट्र नको, भाऊ हवेत, असा तो निकाल. विलीनीकरणवाद्यांना तो कधी नीट पचला नाही.

१९७० मध्ये पक्षातच बंड झाले, तेही त्यांनी निभावले. १९७२ ची निवडणूकही जिंकली. १२ ऑगस्ट १९७३ ला पदावर असतानाच ते गेले आणि मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली, १९७६ ची. खाणींचे पोर्तुगीज परवाने मात्र सगळ्या सरकारांत शाबूत राहिले. ते रद्द व्हायला १९८७ साल उजाडले, तेही संसदेने कायदा केला म्हणून. त्याविरुद्ध खाणमालक कोर्टात गेले.