आकड्यांचा फरक आणि धोरणाचा फरक

निवडणुकीतील जाहीरनामे गुलालाची धूळ खाली बसल्यावरच वाचावेत, असे आमचे मत आहे. तोवर ते वाचण्यास कोणास सवड नसते, आणि असलीच तरी मन थाऱ्यावर नसते.

धाराशिव जिल्ह्यातील विधानसभेच्या चार जागांसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. कौल निम्मानिम्मा पडला. तुळजापुरात भारतीय जनता पक्षाचे राणाजगजितसिंह पाटील व परांड्यात शिवसेनेचे तानाजी सावंत निवडून आले. धाराशिवात कैलास पाटील आणि उमरग्यात प्रवीण स्वामी हे उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे उमेदवार विजयी झाले. परांड्याचा निकाल तर अवघ्या १५०९ मतांनी ठरला. धाराशिव व उमरगा येथे धनुष्यबाण आणि मशाल, म्हणजे एकाच घरातून वेगळ्या झालेल्या दोन चुली, समोरासमोर होत्या. भांडण कडाक्याचे होते, यात शंका नाही. ते कोणत्या धोरणावरून होते, हे मात्र शोधावे लागते.

महायुती म्हणाली, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये २१०० करू. महाविकास आघाडी म्हणाली, ३००० देऊ. कर्जमाफी दोघांनीही कबूल केली. आघाडीने तिला तीन लाखांची मर्यादा घातली, इतकेच. सोयाबीनला एकीकडून ६००० चा भाव पुकारला गेला, दुसरीकडून ७००० चा. आम्ही एके काळी शाळेत अंकगणित शिकवीत असू. त्या हिशेबाने ही उदाहरणे एकाच रीतीची आहेत, फक्त आकडे निराळे. दरमहाच्या दीड हजारांचे कोरडवाहू घरात काय मोल असते, हे नाक मुरडणाऱ्या शहरवासीयांनी अवश्य समजून घ्यावे. परंतु २०२५ च्या मार्चमधील अर्थसंकल्पात २१०० चा पत्ता नव्हता, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरण्यास शेतकऱ्यांना बजावले.

याच जिल्ह्याचे भाई उद्धवराव पाटील शेतकरी कामगार पक्षातर्फे विधानसभेत विरोधकांचे नेतृत्व करीत. १९५७ च्या निवडणुकीत द्वैभाषिक की संयुक्त महाराष्ट्र, हा प्रश्न मतदारापुढे होता. तेव्हा कोणास मत दिले म्हणजे काय मागितले, हे सांगण्यास पंडिताची गरज नव्हती.

आज प्रश्न नाहीत, असे थोडेच आहे? सोयाबीनचेच पाहा. २०२४ च्या हंगामातील हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता. अशा वेळी सरकारने माल स्वतः खरेदी करावा, की बाजारभाव व हमीभाव यांतील अंतर शेतकऱ्यास रोख द्यावे? पहिल्या मार्गास गोदामे, बारदाना आणि ओलाव्याची मापे लागतात. ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के झाली, तीही मतदानास पाच-सहा दिवस उरले असता. दुसऱ्या मार्गात व्यापाऱ्यांनी भाव पाडून सरकारी पैशावर डल्ला मारण्याचे भय असते. हा खरा मतभेद झाला असता. व्यासपीठावर मात्र हजारांची चढाओढ चालली.

पाण्याचे तर याहून अवघड. मांजरा-तेरणेचा मुलूख गोदावरीच्या खोऱ्यात. भूम-परांड्याचा सीनेचा मुलूख कृष्णेच्या. कृष्णेचे पाणी उजनीतून उचलून तुळजापूरजवळच्या रामदरा तलावात आणण्याची योजना दोन दशकांहून अधिक काळ प्रत्येक प्रचारसभेत वाहते आहे. ती आपणच पूर्ण करू, असे दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगितले. पहिल्या टप्प्याचे सात अब्ज घनफूट पाणी आल्यावर ते उसाच्या फडास मिळेल की ज्वारी-तुरीच्या रानास, आणि पंपांचे वीजबिल कोण भरील, याविषयी कोणत्याही उमेदवाराचे दोन शब्द आमच्या कानी आले नाहीत. पुढल्या वेळी मत मागावयास येणाऱ्याला तुळजापूरच्या मतदाराने पाटाच्या कडेला उभे करून हेच आधी विचारावे.