कंपाची नोंद कोणत्या खात्यात?

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या भावोजींचा धनादेश ‘सही जुळत नाही’ या शेऱ्यासह परत आला. पेढीवर आयुष्यभर एकाच धाटणीने केलेली सही. परंतु हात कापू लागल्याने ती विसकटली होती. नव्याने नमुना-सही देऊन तो प्रश्न सुटला. खरी अडचण पुढेच होती. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर कोणीतरी ‘पार्किन्सन’ असे लिहून ठेवले होते, आणि विमा कंपनीने विचारले, हा जुना आजार प्रस्तावपत्रात का दडवला? ‘दडवला’ हा शब्द भावोजींना शस्त्रक्रियेपेक्षा अधिक लागला.

वाचकहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-१०’ या वर्गीकरणात प्रत्येक निदानाला स्वतंत्र संकेतांक आहे. पार्किन्सनला जी २०, बहुधा घराण्यात चालत येणाऱ्या ‘इसेन्शियल ट्रेमर’ला जी २५.०, औषधामुळे उद्भवलेल्या कंपाला जी २५.१. दम्याचे सालब्युटामॉल किंवा अपस्माराचे व्हॅलप्रोएट घेणाऱ्यांचेही हात कापू शकतात. कारण ठरलेच नसेल, तर आर २५.१. हे आपल्या वहीतील उचंत खाते समजावे. खातरजमा होईपर्यंत रक्कम तेथेच ठेवणे हा प्रामाणिकपणा आहे. संशयावरून ती भलत्याच्या नावे टाकणे नव्हे.

मेंदूविकारतज्ज्ञांनी भावोजींना हात मांडीवर सैल ठेवण्यास सांगितले, पाण्याचा पेला उचलायला लावला, कागदावर चक्राकार रेघ काढवून घेतली. पार्किन्सनमध्ये कंप बहुधा हात निवांत असताना दिसतो, एका बाजूने सुरू होतो, हालचाली मंदावतात आणि अक्षर बारीक होत जाते. इसेन्शियल ट्रेमरमध्ये काम करताना हात कापतो व अक्षर थरथरते, पण बारीक होत नाही. इतकी वर्षे सह्या पडताळूनही हा भेद मला ठाऊक नव्हता!

त्यांनी लिहिलेला कागद एखाद्या उत्तम लेखापरीक्षकाला शोभावा असा होता: कंप कोणत्या हातात, कोणत्या स्थितीत, केव्हापासून, वडिलांना होता काय, चालू औषधे कोणती, ‘पार्किन्सनची लक्षणे आढळली नाहीत’ हा स्पष्ट शेरा, आणि शेवटी जी २५.०. त्याच्या आधारे लेखी अर्ज केला. रुग्णालयाने तीन आठवडे घेतले, परंतु जुनी नोंद न खोडता, सही-तारखेसह दुरुस्तीपत्र दिले. त्यानंतर दावा मंजूर झाला.

अलीकडे भाच्याचाही हात चहाचा कप उचलताना किंचित कापतो. तपासण्या अजून व्हायच्या आहेत. त्याच्या कागदावर डॉक्टरांनी तूर्त आर २५.१ एवढेच लिहिले आहे.