गाडीतला कुत्रा आणि डिकीतलं करडू

उन्हाळ्याची सुट्टी लागली की भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवरची चाकरमानी मंडळी गाडी काढून गावाकडे निघतात. अलीकडे सोबत घरचा कुत्राही असतो. जव्हार-विक्रमगडकडे जायचं तर काशिमिऱ्याहून महामार्ग, वरसाव्याचा पूल, मग मनोर. गाडी चालू असते तोवर फारसं बिघडत नाही. कुत्रा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला असावा, चालकाच्या मांडीवर नसावा, एवढं पाळलं की झालं. खरा घात होतो तो गाडी थांबल्यावर.

मनोरला चहा घ्यायला मंडळी उतरतात. "काच दोन बोटं खाली आहे, पाच मिनिटांत येतो." पाच मिनिटांची वीस कशी होतात हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाहेर जेमतेम 22 अंश तापमान असताना उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात पारा 47 अंशांवर गेला. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी उघडी ठेवूनही विशेष फरक पडला नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच किती तापतं ते सांगायला नको.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. आतली हवाच तापली की तोही चालत नाही. चपट्या नाकाच्या पगचे तर जास्तच हाल. लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चालताना झोकांड्या जातात. असं दिसलं की उष्माघात समजावा. सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओतत राहावं, पुठ्ठ्याने वारा घालावा, शुद्धीवर असेल तर थोडं पाणी पाजावं. जरा बरा दिसला तरी पशुवैद्यकाकडे न्यावाच. हॉटेलसमोर अशी बंद गाडी दिसली तर सरपंच असो की ग्रामपंचायत अधिकारी, मालकाला हाक मारायला लाजू नये.

पाहुण्यांचा कुत्रा गावात उतरला की रेबीजची लस टोचली आहे का, हेही विचारावं. यात राग येण्यासारखं काही नाही.

आता आपल्याकडे बघू. आठवडी बाजारातून घेतलेलं करडू पाय बांधून जीपच्या डिकीत टाकायचं, वर पेंडीचं पोतं ठेवायचं, ही आपली रीत. उष्माघात करडालाही होतो, फक्त त्याच्यासाठी कुणी चहा सोडून उठत नाही. प्राणी वाहतुकीच्या 1978 च्या नियमांत शेळ्या-मेंढ्यांच्या सहा तासांपेक्षा जास्त प्रवासासाठी साफ लिहिलंय, की खाली निदान 5 सेंटीमीटर गवताचा थर हवा आणि पाय बांधू नयेत. प्रवास दोन तासांचा असला तरी हे पाळायला काय हरकत आहे?

जागेचंही माप आहे. 1 जानेवारी 2016 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार एका शेळीला 0.3 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन चौरस फूट जागा द्यावी लागते. आठ बाय पाचचा पिकअपचा हौदा धरला तर बारा शेळ्या होतात. तेवढ्याच हौद्यात वीस-बावीस कोंबलेल्या आम्ही बाजाराच्या दिवशी मोजल्या आहेत.