लघवीची गळती : डायपर हाच शेवटचा इलाज नव्हे

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ग्रंथी काढल्यावर काही पुरुषांना लघवी धरवत नाही. खोकला आला, खुर्चीतून उठलं, की कपडे ओले. मग लग्नकार्य टाळायचं, प्रवास टाळायचा आणि घरात कुणाला सांगायचं नाही. हे सोसणं बहुतेकदा अनाठायी असतं.

गैरसमज : वय झालं, आता असंच चालायचं.
इथे दोष वयाचा नाही. शस्त्रक्रियेनंतर मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू कमकुवत होतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केले, की अनेकांची गळती वर्षभरात कमी होते. त्यानंतरही त्रासदायक गळती उरली, तर शस्त्रक्रियेचा, म्हणजे कृत्रिम झडप किंवा जाळीची पट्टी बसवण्याचा, विचार जरूर करावा.

गैरसमज : कृत्रिम झडप म्हणजे बॅटरीचं यंत्र आणि बाहेर लोंबणारी पिशवी.
बाहेर काहीच दिसत नाही, बॅटरीही नसते. अमेरिकेत ब्रँटली स्कॉट आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये अशी झडप प्रथम बसवली. मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला पट्टा, म्हणजे कफ, अंडकोशात छोटा पंप आणि पोटात फुगा, एवढीच तिची मांडणी. लघवीला जाताना त्वचेवरूनच पंप दाबायचा. कफातला द्रव फुग्याकडे जातो, मार्ग मोकळा होतो. दोन-तीन मिनिटांत द्रव आपोआप परततो आणि कफ पुन्हा आवळतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे, जखम भरेपर्यंत, झडप बंदच ठेवतात. तोवर गळती चालूच राहते. हे आधी माहीत नसलं, की ऑपरेशन फसलं असं वाटून माणूस उगाच खचतो.

गैरसमज : जाळीची पट्टी बसवली, की सगळ्यांचं भागतं.
स्लिंग नावाची ही पट्टी मूत्रमार्गाला खालून आधार देते, पंप दाबावा लागत नाही. पण ती सौम्य ते मध्यम गळतीसाठी. गळती जास्त असेल किंवा रेडिएशन झालं असेल, तर सहसा झडपच सुचवली जाते. अचानक घाई होऊन सुटणाऱ्या लघवीचा उपचार वेगळा.

गैरसमज : एकदा झडप बसवली, की जन्माची निश्चिंती.
झडप झिजते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, कफ मूत्रमार्गात रुतू शकतो. काही वर्षांनी दुरुस्तीची किंवा बदलण्याची शस्त्रक्रिया अनेकांना लागते.

मला सर्वांत काळजी वाटते ती लघवीसाठी घालतात त्या नळीची, म्हणजे कॅथेटरची. कफ आवळलेला असताना कॅथेटर घातला, तर मूत्रमार्गाला इजा होते. आधी पंपावरचं बटण वापरून कफ मोकळ्या अवस्थेत थांबवावा लागतो. अपघात झाला, रुग्ण बेशुद्ध असला, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार? म्हणून झडप बसवल्याची नोंद असलेलं कार्ड कायम पाकिटात हवं आणि घरातल्या दोघांना तरी झडपेबद्दल माहीत हवं.