पिवळ्या वाटाण्याची डाळ : गोणीवर नाव असावे, मग खुशाल शिजवावी

किराणा बाजारात चण्याच्या डाळीशेजारी आणखी एक पिवळी डाळ असते. घाऊक व्यापारी तिला मटर डाळ म्हणतात, आमच्या जुन्नर-ओतूरकडे वाटाणा डाळ म्हणतात, आणि पुष्कळ दुकानांत तिला काहीच नाव नसते. ती चण्याच्या डाळीत मिसळून चण्याच्या डाळीच्या भावाने खपते. रमजान जवळ आला, घरोघरी भजी-पकोड्यांसाठी बेसनाची खरेदी वाढली, की हा प्रकारही वाढतो. डाळ वाईट नाही. ती स्वस्त आहे, पौष्टिक आहे, लवकर शिजते. तिचा गुन्हा एवढाच, की तिला दुसरीच्या नावाने विकले जाते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने डाळीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

प्रथम ओळख करून घेऊ. रगडा-पॅटीसमध्ये किंवा उसळीत आपण जो वाळका वाटाणा खातो, त्याच्याच जातीचा पिवळा दाणा सोलून, भरडून ही डाळ तयार होते. हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा आणि हिचा एक दाणा तळहातावर शेजारी ठेवा. हरभऱ्याच्या दाण्याला एका टोकाला बारीकशी चोच असते आणि पाठ थोडी उंचसखल असते. वाटाण्याचा दाणा म्हणजे गोळी मधोमध कापावी तसा. पाठ गोल, गुळगुळीत, पोट सपाट, चोच अजिबात नाही. मिसळलेल्या डाळीत मूठभर दाणे ताटात पसरून पाहिले तर दोन मिनिटांत फरक कळतो. भिजत घातल्यावर तर अधिकच कळतो. वाटाण्याची डाळ लवकर फुगते आणि चिमटीत आधी मोडते. मात्र एकदा दळून पीठ झाले की डोळ्यांना काही सांगता येत नाही. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी डाळ पाहून घ्यावी आणि चक्कीवर आपल्यासमोर दळून आणावी.

ही डाळ एवढी येते कुठून? आपल्या देशात पिकणाऱ्या वाटाण्याने ही गरज भागत नाही. माल मुख्यतः कॅनडातून आणि अलीकडे मोठ्या प्रमाणात रशियातून येतो. तिकडे यंत्राने हजारो एकर वाटाणा पेरतात आणि जहाजे भरून पाठवतात. हिंदुस्थान हा चण्याच्या उत्पादनात जगात पहिला, तरी खाणारी तोंडे जास्त. डाळीचा तुटवडा पडला की सरकार वाटाण्याचा दरवाजा उघडते, आणि शेतकऱ्यांची ओरड झाली की बंद करते. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क बसले. २०१८ मध्ये किती माल आणायचा यावर मर्यादा आली. डिसेंबर २०१९ मध्ये तर किलोला किमान २०० रुपये आयात किंमत आणि एकट्या कोलकाता बंदरातूनच माल उतरवण्याची अट घातली गेली, त्यामुळे आयात जवळजवळ थांबली. पुढे चणा-तूर महागले तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये शुल्क पूर्ण माफ झाले आणि ती माफी पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०२४-२५ या एका वर्षात वीस लाख टनांहून जास्त पिवळा वाटाणा देशात आला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लावण्यात आले.

आपल्या व्यापारी बंधूंनी या तारखा लक्षात ठेवाव्यात, कारण दरवाजा उघडा असला की मिसळ वाढते. शुल्क माफ होते त्या काळात वाटाणा चण्याच्या हमीभावाच्याही बराच खाली पडत होता. २०२४-२५ च्या रब्बी हंगामातल्या चण्याला ५६५० रुपये क्विंटल आणि २०२५-२६ च्या हंगामाला ५८७५ रुपये हमीभाव जाहीर झाला. आता हिशेब करा. किलोमागे वीस रुपयांचा फरक धरला आणि शंभर किलो चण्याच्या डाळीत तीस किलो वाटाणा घातला, तर सहाशे रुपये बसल्याजागी सुटतात. बेसनात तर हे कोणाला दिसतही नाही. मोह कुठे आहे ते यावरून समजावे.

आता कापडाची गोष्ट. सुतात पॉलिएस्टर मिसळून टेरीकॉट निघाले तेव्हा त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही. का? कारण ताग्याच्या किनारीवर छापलेले असे, एवढे टक्के पॉलिएस्टर, एवढे टक्के सूत. गिऱ्हाईक वाचून घेई. ज्याला घामाचा त्रास तो शुद्ध सुती घेई, ज्याला इस्त्रीचा कंटाळा तो टेरीकॉट घेई. मात्र तेच कापड ‘प्युअर कॉटन’ म्हणून मापले तर ती चोरी. मिसळणे हा गुन्हा नाही, लपवणे हा आहे. डाळीलाही हाच नियम. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल असे सांगतात की एका ठाणात खोट होती, ती गिऱ्हाइकाला दाखवून मग विकण्याची ताकीद त्यांनी भागीदाराला दिली होती. भागीदार विसरला. गिऱ्हाईक कोण ते सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या व्यवहाराची सारी रक्कम खैरात केली. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढल्याची हदीस तर आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. ती धान्याच्याच दुकानातली घटना आहे, हे किराणावाल्यांनी विसरू नये.

सरकारी कायदाही वेगळे सांगत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालच्या नियमांप्रमाणे बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. त्यात दुसरे पीठ घातले तर ते बेसन या नावाने विकता येत नाही. फरसाणाच्या पाकिटावर घटक छापावे लागतात, आणि बारीक अक्षरे वाचण्याची तसदी घेतली तर अनेक पाकिटांवर वाटाण्याचे पीठ लिहिलेले सापडेल. त्यात काही गैर नाही. सुटा माल घेताना मात्र पाकीट नसते, म्हणून दुकानदाराला विचारावे लागते. संशय पक्का असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

या मिसळीचा फटका शहरापेक्षा गावाला जास्त बसतो. माळशेज घाटाच्या पायथ्याकडून वर आले की पिंपळगाव जोगे धरणाच्या बाजूला मढ लागते. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग तिथूनच जातो, त्यामुळे वाशीच्या दाणाबंदरातला माल थेट या भागातल्या दुकानांत येतो. याच पट्ट्यात भात निघाल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर शेतकरी हरभरा, मसूर टाकतात. पोतेदोन पोती घरात ठेवून उरलेला विकतात. वाटाण्याने भाव पाडला की त्या पोत्याचे पैसे कमी येतात, आणि चैत्र-वैशाखात लग्नाचा बस्ता बांधायला येणारे गिऱ्हाईक दोन लुगडी कमी घेऊन जाते. म्हणजे डाळीचा भाव शेवटी कापडाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचतो. गंमत अशी, की आपला हरभरा स्वस्तात विकून तोच शेतकरी पुढे पावसाळ्यात दुकानातून बेसन आणतो आणि त्यात परदेशचा वाटाणा खातो.

आणि तो लगेच ओळखूही येतो, कारण या भागाची मासवडी. जुन्नर-आंबेगावच्या मासवडीत मासा नसतो. आकार माशासारखा म्हणून ते नाव. उकळत्या पाण्यात बेसन हाटून घट्ट गोळा करायचा, ओल्या सुती फडक्यावर पातळ थापायचा, त्यावर तीळ, सुके खोबरे, कांदा-लसूण यांचे सारण पसरायचे, फडके उचलत उचलत गुंडाळी करायची आणि वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर खायची. बेसन चोख असेल तर गोळा फडक्यापासून सुटून येतो. पिठात वाटाणा जास्त असला तर तो चिकटतो, गुंडाळीला तडे जातात आणि वडी रश्श्यात विरघळू लागते. आमच्या घरचा तरी हाच अनुभव आहे. (फडके जुन्या मऊ धोतराचे किंवा मलमलचे घ्यावे. टेरीकॉटचे घेऊ नये, ते पाणी धरत नाही.) कारण असे की चण्यात पाच-सहा टक्के तेलाचा अंश असतो, वाटाण्यात जेमतेम एक-दोन टक्के. प्रथिने दोघांत जवळपास सारखी. त्यामुळे पोषणात वाटाणा मागे पडत नाही, पण खमंगपणात पडतो.

मग वाटाण्याच्या डाळीचे करावे काय? तिच्या स्वभावाप्रमाणे पदार्थ करावेत. ही डाळ शिजून विरघळते. चण्याची डाळ शिजूनही दाणा राखते. एवढे एक ध्यानात ठेवले की बाकी सोपे आहे.

साधी आमटी करायची तर एक वाटी डाळ धुऊन अर्धा तास भिजवावी, तीन वाट्या पाणी, हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला लावावी. तेल विसरू नये. या डाळीला फेस फार येतो आणि तो शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो. त्यामुळे कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये आणि आच मध्यम ठेवावी. तीन शिट्ट्या पुरतात. मीठ आणि चिंच डाळ मऊ झाल्यावरच घालावी. आंबटाने डाळ शिजायची थांबते, आणि बोअरच्या जड पाण्यातही ती लवकर मऊ होत नाही; तिथे चिमूटभर सोडा चालतो. फोडणी लसूण, जिरे, लाल मिरचीची भरपूर द्यावी, कारण डाळीला स्वतःचा वास थोडा हिरवट असतो. ताटात वाढेपर्यंत ती घट्ट होत जाते, म्हणून शेजारी गरम पाणी तयार ठेवावे.

दालच्यासाठी मात्र ही डाळ नंबर एक. हाडाचे मटण वेगळे शिजवून घ्यावे, डाळ घोटून त्यात घालावी, दुधीचे मोठे तुकडे टाकावेत आणि चिंचेचा कोळ अगदी शेवटी. अर्धी वाटाणा डाळ आणि अर्धी मसूर घेतली तर दाटपणा आणि चव दोन्ही साधतात. लग्नाच्या देगेत करणाऱ्या भटाऱ्यांनी एवढेच पाहावे की ती तळाला फार लवकर लागते. उलथने हलते ठेवावे. मोहरमच्या खिचड्यातही ती गव्हाबरोबर चांगली मिळून येते.

इफ्तारच्या पकोड्यांसाठी पीठ न वापरता डाळच वापरावी. तीन तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर वाटावी. त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरे आणि दोन चमचे तांदळाचे पीठ घालावे. वरून पाणी घालू नये. मध्यम आचेवर तळावेत. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होतात आणि आतून कच्चे राहतात. गरम गरमच खावेत, थंड झाल्यावर कडक होतात.

या डाळीला कोणी हलकी समजत असेल तर त्याने समुद्रापार पाहावे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या मजुरांमध्ये मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. त्या बेटावर रस्तोरस्ती विकली जाणारी दालपुरी पिवळ्या वाटाण्याच्या डाळीच्याच सारणाची असते. डाळ बोटचेपी शिजवून, निथळून, जिऱ्याबरोबर कोरडी वाटतात आणि मैद्याच्या गोळ्यात भरून पातळ लाटतात. तिकडे त्रिनिदादमध्येही हीच रीत. तिथे ही डाळ कोणाच्या नावाखाली लपून राहत नाही. आपल्याकडे सहेरीला करून पाहायला हरकत नाही. डाळ पाणचट झाली तर मात्र पुरी फुटते.

कुठे वापरू नये तेही सांगतो. शामी कबाबात नको. खिम्याचे पाणी आटेपर्यंत चण्याची डाळ टिकते, ही लगदा होते आणि कबाब तव्यावर पसरतो. चण्याच्या डाळीच्या हलव्यात तर मुळीच नको. तिथे डाळ तुपात भाजून खमंग वास सुटावा लागतो. वाटाण्याची डाळ कितीही भाजली तरी तो वास देत नाही आणि तूप मात्र पिऊन बसते. पुरणाचेही तेच. ज्यांना एखाद्या वेळी हलवा चिकट झाला, बेत बिघडला असे वाटले असेल, त्यांनी हाताला दोष देण्याआधी डब्यातली डाळ ताटात पसरून एकदा चोच पाहावी.

किराणा दुकानदारांनी दोन गोण्या वेगळ्या ठेवाव्यात आणि दोन पाट्या लावाव्यात. ज्या घरात सहा-सात माणसे जेवतात आणि कमावणारा एक आहे, त्या घराला स्वस्त डाळ हवीच असते, आणि ती नाव सांगून दिली तरी घेतली जाते. मढच्या बाजूला उधारी वसूल करायला जातो तेव्हा एका दुकानात मी अशा दोन पाट्या पाहिल्या आहेत. वाटाण्याची गोणी तिथे आधी रिकामी होते.